शेवटचं कोरं पान

वाचकांचा मला राग येतो. वाचनालय चालवणाऱ्यानं असं बोलू नये, पण बोलतो. आणि त्यातल्या त्यात ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो तो वाचक म्हणजे मी स्वतः. नाव रामहरी, मूळ गाव बार्शी, आता सोलापूर. गिरणीच्या चाळींमागं ‘मायाक्का वाचनालय’ अशी पाटी दिसते ती माझी. मायाक्का माझी आई. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून मुद्दाम तिचं नाव पाटीवर घातलं.

पण मी सांगणार आहे ते शरणप्पाबद्दल. शरणप्पा गिरणीत टाइमकीपर. दुपारची साडेतीनची पाळी. कोण किती वाजता आत आला, कोण गेला, हे लिहायचं काम. अंगानं काटकुळा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाटावं, ह्याचा घसा बसलाय. नऊ वर्षं माझा वर्गणीदार. पुस्तक न्यायचा ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणायचा. बाकीचे लोक पुस्तकात काय काय ठेवून आणतात ते विचारू नका. तंबाखू, केस, एकदा तर चपातीचा तुकडा निघाला.

आमच्या वाचनालयात एक रीत आहे. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा. नाव नाही, सही नाही. पुढचा माणूस पुस्तक उचलतो ते आधी मागून उघडतो, शेवटचं पान वाचतो आणि मग न्यायचं की नाही ते ठरवतो. कोऱ्या पानाला लोक बिचकतात, म्हणून पहिला अभिप्राय बहुतेक वेळा मीच टाकायचो. ‘रात्र कशी गेली कळलं नाही’, ‘एकदा तरी वाचावी’, असलं काहीतरी. धंदा आहे बाबा. पहिल्यानं जे लिहिलं, तोच सूर पुढं सगळे धरतात. त्यानं मुळूमुळू लिहिलं तर पुढचे दहा मुळूमुळू. त्यानं शिवी दिली की मग बघायलाच नको!

शरणप्पानं नऊ वर्षांत एकाही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक अक्षर लिहिलं नाही. मी एकदा छेडलं, “काय हो, पेनं दोन-दोन लावता, ती काय मिरवायला?” तर म्हणाला, “लिहिणाऱ्यानं कुठल्या परिस्थितीत लिहिलंय, आपल्याला काय ठाऊक, अण्णा.” मी हसलो. म्हटलं, हा असाच.

चौऱ्याहत्तर साली ‘नीला ग्रह’ नावाचा हिंदी पिक्चर आला. आकाशातून एक यान येतं, उपड्या घंगाळासारखं दिसणारं, आणि त्यातून निळ्या रंगानं माखलेली एक पोरगी उतरते. एका इंजिनिअरच्या शेतात. इंजिनिअरची म्हातारी आई तिला घरात घेते, तोंड पुसते, सून म्हणते. मग एक दुष्ट डॉक्टर त्या पोरीवर किरणं सोडतो आणि ती मरायला टेकते. म्हातारी आणि इंजिनिअर तिला यानात घालून निळ्या ग्रहावर नेतात. तिथला राजा म्हणतो, हिला जगवायचं तर कुणीतरी आपलं उरलेलं आयुष्य हिला द्यावं लागेल. आणि ती म्हातारी पुढं होते. पदर सावरते, म्हणते, “माझी सून आहे.” बास, एवढंच. सोलापुरातल्या बायका त्या एका वाक्याला धाय मोकलून रडल्या हो! मीही रडलो, खोटं कशाला बोलू. सोमवारी वाचनालय बंद ठेवून सहाच्या खेळाला गेलो होतो आणि मायाक्काची आठवण काढत घरी आलो.

पिक्चर अकरा आठवडे चालला. सातव्या आठवड्यात पुण्याच्या एका प्रकाशकानं त्याच पिक्चरवरची मराठी कादंबरी काढली. ‘निळा ग्रह’, लेखक शशिशेखर, मुखपृष्ठावर पिक्चरमधला रंगीत फोटो. मी दोन प्रती मागवल्या. एक बाहेर जायला, एक कपाटात.

आता जे मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. शशिशेखर म्हणजे आमचा शरणप्पा. त्याची बायको गिरिजाबाई, अक्कलकोटकडची, तीन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेली. मूलबाळ नाही. तिच्यावर त्यानं एक कादंबरी लिहून ठेवली होती आणि प्रकाशकाकडं पाठवली होती. प्रकाशक म्हणाला, आधी आम्हाला हे पिक्चरचं पुस्तक महिन्याभरात लिहून द्या. ते चाललं तर तुमचं छापू. त्यांनी चार फोटो पाठवले, गाण्यांचं पुस्तक पाठवलं, आणि पिक्चर तिथंच बघून घ्या म्हणून कळवलं. शरणप्पानं पिक्चरच्या पुस्तकाला टोपणनाव लावलं, कारण खरं नाव त्याला गिरिजाबाईच्या पुस्तकावर घालायचं होतं. बायकोचं पुस्तक छापून यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि त्या ‘निळा ग्रह’चा पहिला वाचक कोण? मी.

एका बैठकीत वाचलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हातारीचा प्रसंगच नाही! राजा नाही, दरबार नाही, “माझी सून आहे” नाही. ती पोरगी इथंच पृथ्वीवर, इंजिनिअरच्या घरात, खाटेवर पडून राहते. इंजिनिअर तिच्या उशाशी नऊ दिवस बसतो, कपाळावर ओलं फडकं ठेवतो, आज गल्लीत काय झालं, दूधवाला काय म्हणाला, असलं सांगत बसतो, आणि दहाव्या दिवशी ती डोळे उघडते. आणि म्हातारी? ‘आई अक्कलकोटला बहिणीकडे गेली होती, ती लवकर परतणार नव्हती.’ झालं! जिनं आयुष्य दिलं तिला ह्यानं पाहुणी म्हणून अक्कलकोटला धाडलं!

मी पेन उचललं आणि कोऱ्या पानावर पहिला अभिप्राय लिहिला. अजून पाठ आहे. ‘वाचकहो, फसू नका. लेखकाने पिक्चर पाहिलेलाच नाही. याला आई नसावी.’

आई नसावी. असं लिहिलं मी.

मग काय, सूर लागला. हिंदुराव म्हणून एसटीचा कंडक्टर आहे, करमाळ्याच्या गाडीवर असतो, त्यानं खाली लिहिलं, ‘म्हातारीला अक्कलकोटच्या गाडीत म्याच बशिवली. तिकीट काडलं न्हाय तिनं.’ त्याखाली कुणीतरी, ‘लेखकाला यानात घालून पाठवा, परत आणू नका.’ मग, ‘ओल्या फडक्याने किरणांचा मार उतरतो? डॉक्टरांनी दवाखाने बंद करावेत.’ मग, ‘पान ८१ ते ८९ निव्वळ पानं भरायला.’ कोष्ट्यांच्या वस्तीतली अक्कम्मा विड्या वळते. तिची पोरगी मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या बाया वळता वळता ऐकतात. ती अक्कम्मा स्वतः तरातरा आली, पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाली, “वो रामहरीअण्णा, ये लिहिणारा कोण हाय? माझ्यासमोर आणा त्याला. आमी सूप भरून विड्या टाकून रडाया बसलो, आन् ह्यो म्हातारीला गावाला पाठवतो? लिवा, लिवा तुमी माझं!” आणि मी लिहून घेतलं. तिनं सांगितलं त्याच्यात माझेही दोन शब्द घातले. तिखट जरा कमी पडत होतं.

पुस्तकाला मागणी इतकी वाढली की काय सांगू! लोक कादंबरी वाचायला नेतच नव्हते, शेवटचं पान वाचायला नेत होते, संध्याकाळी नेलं की सकाळी परत. जागा संपली तेव्हा मी खळ लावून नवीन पान चिकटवलं. सगळ्या आयुष्यात एवढ्या मायेनं मी कुठल्या पुस्तकाला पान चिकटवलं नसेल.

आणि शरणप्पा रोज सकाळी नऊला यायचा. आधी आठवड्यातून दोनदा यायचा, आता रोज. कपाटापाशी जायचा, दुसरी प्रत बाजूला सारून ती पहिली काढायचा, मागून उघडायचा, उभ्या उभ्या वाचायचा, परत ठेवायचा. मला वाटलं, ह्यालाही गंमत येते आहे. मीच हाक मारायचो, “शरणप्पा, आज तीन नवीन पडलेत बघा! हिंदुरावनं तर कहर केलाय!” तो माझ्याकडं बघून हसायचा. तसं हसू मी नंतर कधी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही आणि बघायचंही नाही.

गणपतीच्या आधी प्रकाशकाचा माणूस आला. हा दर वर्षी गावोगावची वाचनालयं हिंडतो, काय खपतं, काय पडून राहतं ते विचारतो. शरणप्पाला त्यानं कधी बघितलेलं नव्हतं, सगळा व्यवहार टपालानं. शरणप्पा तेव्हा बाकावर वर्तमानपत्र उघडून बसला होता.

माणूस म्हणाला, “आमचं ‘निळा ग्रह’ कसं चाललंय?”

“चाललंय? धावतंय!” मी म्हणालो आणि पुस्तक काढलं. शेवटची दोन्ही पानं मोठ्यानं वाचून दाखवली. नुसती वाचली नाहीत, आवाज काढून वाचली. हिंदुरावचा आवाज, अक्कम्माचा आवाज. मला नकला बऱ्या जमतात. तो माणूस हसून हसून लाल झाला. डायरी काढून चार-पाच अभिप्राय उतरवून घेतले, त्यात माझा पहिला. मग डोळे पुसत म्हणाला, “बरं झालं दाखवलंत. साहेबांना दाखवतो. ह्या गृहस्थाची स्वतःची एक कादंबरी आमच्याकडं छापायला पडली आहे. बायकोवर आहे म्हणे. आता तुम्हीच सांगा, छापावी का?”

मी म्हणालो, “मुळीच छापू नका! कागद वाचवा, तेवढंच पुण्य!”

बाकावरचं वर्तमानपत्र हललं नाही. थोड्या वेळानं शरणप्पा उठला, घडी घातली, जागच्या जागी ठेवलं, “येतो अण्णा” म्हणाला आणि गेला.

पंधरा दिवसांनी सकाळी सकाळीच पोस्टमन रजिस्टर पार्सल घेऊन आला. शरणप्पाच्या दाराला कुलूप होतं आणि तो रोज नऊला माझ्याकडं येतो हे पोस्टमनला ठाऊक, म्हणून ते त्यानं माझ्याकडं दिलं. पाकिटावर पुण्याचा शिक्का, आणि खाली टायपात ‘शरणप्पा, ऊर्फ शशिशेखर’. आत जाड वही असल्यासारखं जड. छापायला दिलेलं परत आलं होतं.

मी ते मांडीवर घेऊन बसलो. पुस्तक बदलायला बाया आल्या, त्यांना हाकलून दिलं. वाचनालयात फक्त कल्लप्पा होता, थेटरातला ऑपरेटर, मासिक चाळत बसलेला. त्याला उठवायचं भानच राहिलं नाही.

नऊला शरणप्पा आला. पार्सल बघितलं. ते काय आहे हे न उघडता त्याला कळलं, कारण त्यानं उघडलंच नाही.

आता माणसानं पाय धरावेत की नाही? पण माझा स्वभाव असला मेला! लाज वाटली की मला राग येतो. मी त्याच्यावरच ओरडलो, “तुमी लिवलं हे? तुमच्यासारख्या माणसानं? पिक्चर न बघता?”

“सात वेळा बघितला,” शरणप्पा म्हणाला.

“सात वेळा! मग म्हातारी कुटं गेली?”

“तेच मला कळलं नाही. असायची, मग एकदम नसायची. पोरगी मरायला टेकलेली असायची आणि लगेच नाचायला लागायची. सातही वेळा मी डोळे ताणून बसलो, अण्णा. मला वाटलं मधेच मला डुलकी लागते. मग जे दिसलं नाही ते मनानं लिहिलं.”

कोपऱ्यातून कल्लप्पा म्हणाला, “खेळ कुठला बघायचात?”

“बाराचा. साडेतीनला पाळी असते ना.”

कल्लप्पानं मासिक खाली ठेवलं. त्याचा चेहरा बघूनच मला काहीतरी समजलं. म्हणाला, “शिवा शिवा! बाराच्या खेळाला बारावं रीळ आमी लावतच न्हाय.”

असं होतं ते. पिक्चर लांबलचक, आधी वृत्तचित्र, मग जाहिराती. बाराचा खेळ सव्वातीनला सुटायचा आणि साडेतीनच्या पाळीवाल्यांना गिरणीचं फाटक गाठता यायचं नाही. कामगारांनी कल्लप्पाला विनवलं, तो त्यांच्याच चाळीतला. त्यानं बघितलं की एका रिळात गाणं नाही, मारामारी नाही, नुसतं बोलणं. तेवढं रीळ बाराच्या खेळातनं काढून टाकलं. भोंग्याच्या आधी माणसं फाटकात. कुणाची तक्रार नाही. त्या फाटकात उभा राहून कोण वेळेवर आला ते लिहून घेणारा शरणप्पा, आणि तोही त्याच खेळातनं धावत आलेला.

मी कल्लप्पाच्या अंगावर धावलो. आईबापावरून बोललो. तो बिचारा हात जोडून उभा. शरणप्पानं मला धरून खाली बसवलं. म्हणाला, “जाऊ द्या. त्यानं लोकांची हजेरी वाचवली. त्या रिळात काय होतं, ते सांगा मला.”

मी सांगितलं. राजा, दरबार, उरलेलं आयुष्य द्यायची अट, म्हातारी, पदर, “माझी सून आहे.” तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “म्हणजे तिथं देता येत होतं. आपलं आयुष्य दुसऱ्याला.”

“व्हय.”

“मला सुचलं नाही ते. मी नुसतं फडकं ठेवत बसलो.”

तो पिक्चरबद्दल बोलत नव्हता, हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं. नऊ दिवस उशाशी, ओलं फडकं, दूधवाला काय म्हणाला. गिरिजाबाई तापात होत्या तेव्हा तो नऊ दिवस पाळीला गेला नव्हता, सगळ्या चाळीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. दहाव्या दिवशी त्या गेल्या. पुस्तकात त्यानं दहाव्या दिवशी डोळे उघडवले. पान ८१ ते ८९. निव्वळ पानं भरायला!

मी म्हणालो, “शरणप्पा, पहिला अभिप्राय माझा हाय.”

“ठाऊक आहे. वर्गणीच्या कार्डावर नऊ वर्षं तुमचंच अक्षर बघतोय.”

“मग बोलला का न्हाय? त्या पुण्याच्या माणसासमोर तरी? एक शब्द?”

“तुम्ही वाचक,” तो म्हणाला. “मी काय बोलणार?”

मी प्रकाशकाला पत्र लिहिलं. सगळं रीळ-प्रकरण चार पानं भरून, कल्लप्पाची सही घेऊन. उत्तर कार्डावर आलं. चित्रपट पूर्ण पाहण्याची जबाबदारी लेखकाची होती, आपल्या वाचनालयातील अभिप्राय आम्हाला मार्गदर्शक ठरले, आभारी आहोत. आभारी! ते कार्ड मी चुलीत घातलं. ‘निळा ग्रह’ची ती दोन पानं पण फाडली. हिंदुराव विचारायला आला, “पान कुटं गेलं वो? लई मजा येत हुती की.” त्याची वर्गणी परत केली आणि बाहेर काढला. त्याची तरी काय चूक? सूर मीच दिलेला.

मग शरणप्पाच्या मागं लागलो. म्हटलं, ती वही मला द्या. पुण्याच्यानं नाही छापली तर नाही. मी पुठ्ठा बांधतो, नंबर घालतो, कपाटात पहिल्या रांगेत ठेवतो. मायाक्का वाचनालयात गिरिजाबाईंचं पुस्तक राहील. तो नको नको म्हणत राहिला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी रोज विचारायचो आणि तो रोज हसायचा, तसंच. शेवटी सिद्धेश्वराची यात्रा संपली तेव्हा एका सकाळी त्यानं वही माझ्या टेबलावर ठेवली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. गिरणीच्या सुतानं स्वतः शिवलेली. म्हणाला, “घ्या. पण मला कोण काय म्हणालं ते सांगू नका.”

दोन दिवस वाचनालय बंद ठेवून मी वाचली. काय आहे त्यात हे मी सांगणार नाही, नीट सांगता येणारही नाही. अक्कलकोटची एक बाई लग्न होऊन गिरणीच्या चाळीत येते, भोंग्याला घाबरते, मग भोंग्यावर भाकरी टाकायला शिकते, एवढंच. मी डोळे पुसत वाचली आणि शेवटच्या ओळीला पोचलो तेव्हा मोठ्यानं म्हणालो, “अरे काय माणूस आहे हा!” खोलीत कुणी नव्हतं.

मग पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला खरं लिहायचं होतं. धंद्यासाठी नाही, गंमत म्हणून नाही. शब्द मनात जुळवून ठेवले होते. वही उलटी केली आणि मागून उघडली.

कोरं पान नव्हतं. त्यानं फाडलं होतं. एक नाही, गोष्ट संपल्यावर उरलेली सगळी कोरी पानं, शिवणीपाशी पट्टी लावून, सरळ. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवरसुद्धा कागद चिकटवून त्यावर गोष्टीची शेवटची ओळ लिहिली होती, अगदी तळाला, खाली बोटभरही जागा न ठेवता. डोळे पुसत वाचताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी पेनाला टोपण लावलं आणि वहीला नंबर घातला.